एका दमात मावेल तेवढी जाहिरात

मी रिक्षातून ओरडायचो. धंदा एवढाच.

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "काका, जाहिरात क्षेत्रातली तुमची वाटचाल लिहून द्या." वाटचाल कसली, रिक्षा होती. आणि क्षेत्र म्हणाल तर धायरी, नऱ्हे, वडगाव. सणासुदीला कोणी बोलावलं तर मांजरी नाहीतर वाघोली. शाळा चौथीत सुटली, त्यामुळे वेलांट्या बाईंनी बघून घ्याव्यात. मजकूर मात्र कापू नये. दुसऱ्यांचा मजकूर कापण्यात माझा जन्म गेलाय, कुठं कापायचं ते मला कळतं.

ज्यांनी अशी रिक्षा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. टपावर भोंगा, मागच्या सीटवर बॅटरी आणि आवाज वाढवायचं मशीन, माझ्या गळ्यात माइक. चौकीतून परवानगी काढायची. शाळा आणि दवाखाना आला की तोंड मिटायचं. रिक्षा चालत्या माणसाच्या वेगानं न्यायची. घरातल्या माणसाला तुम्ही लांबून येताना ऐकू येता, खिडकीखालून जाता आणि वळणावर विरता. मधल्या वेळात जे कानात शिरलं ते शिरलं. तिकडे कुकर शिट्ट्या मारतोय, पोरगं रडतंय, टीव्हीवर कोणीतरी कोणाचातरी संसार मोडतंय. तेवढ्यात तुम्ही कुठले, काय देता आणि त्या बाईनं काय करायचं हे एका दमात कळलं पाहिजे. दम माझा. म्हणून मी विडी सोडली. डॉक्टर सांगून थकला होता, शेवटी भोंग्यानं सोडवली.

खरं काम ओरडायचं नव्हतंच. ओरडायला कोणीही ओरडतो. काम होतं ते दुकानदाराच्या डोक्यातली गर्दी कमी करायचं. छोटा दुकानदार वर्षभर गल्ल्यावर बसून पेपर वाचतो. तेव्हा त्याला जाहिरात आठवत नाही. गणपती आले, दसरा आला, जेवायला वेळ मिळेना झाला, की बरोबर आठवते. मग एका हातानं सुटे देत दुसऱ्या हातानं माझ्यापुढं कागद करतो. त्यात वडिलांचं नाव, आजोबांचा आशीर्वाद, दर्जा, विश्वास, परंपरा आणि 'सर्व प्रकारचे'. 'सर्व प्रकारचे' दिसलं की मी पेन काढायचो.

एक चपलांचे दुकानदार माझ्यावर फार चिडले होते.

"अहो, 'तत्पर व विनम्र सेवा' का खोडलंत?"

"आत्ता त्या आजींना तुम्ही 'घ्यायची तर घ्या, नाहीतर वाट सोडा' म्हणालात. मी इथंच उभा होतो."

"ते घाईत म्हणालो."

"जाहिरात घाईतच लागणार आहे."

कापून झालेला मजकूर मग शालनपुढं जायचा. शालन म्हणजे माझी बायको. तिला वाचायला येत नव्हतं, कागदाचा तिला धाक नव्हता. ती भाकऱ्या थापत असायची, मी मोरीपाशी उभा राहून जाहिरात म्हणायचो. संपली की पाठ न वळवता ती विचारायची, "ऐकलं. मग म्या काय करू?" उत्तर द्यायला मला दुसरं वाक्य लागलं की जाहिरात नापास. ते दुसरं वाक्यच आधी घालायचं आणि पहिलं फेकायचं. दुकानदार मला हुशार समजायचे. समजू दिलं. घरी येऊन तिला सांगायचो, तेव्हा ती म्हणायची, "हुशार असता तर कांदे आणायला इसरला नसता."

गिऱ्हाइकं एकेक नमुने भेटली. पेठेतले एक चिवडेवाले होते. नाव लिहीत नाही, लिहिलं तर ते अंकाला चार पानी खुलासा पाठवतील. दिवाळीच्या ऐन गर्दीत त्यांनी मला बोलावलं. रांग दुकानातून निघून वळणावर दिसेनाशी झालेली.

मी म्हटलं, "अहो, एवढी गर्दी असताना जाहिरात कशाला?"

"गर्दी घालवायला. कारागीर झोपायला आलेत. 'चिवडा संपला आहे, उद्याही मिळणार नाही, दुकानात येऊन विचारू नये' असं सांगत फिरा."

घरी शालनला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "काय करायचं ते कळलं. जायाचं न्हाई. पण मानसं जानार."

"का?"

"येऊ नका म्हटल्यावर?"

मी आपलं सांगितलेलं काम केलं. पेठेच्या गल्ल्यांतून खणखणीत आवाजात चिवडा संपवला. संध्याकाळी दुकानासमोर दुप्पट माणसं. सगळी खात्री करून घ्यायला आलेली. एक गृहस्थ काउंटरवर कोपर टेकून विचारत होते, "संपला म्हणजे नक्की किती संपलाय?" चिवडेवाल्यांनी मला गर्दीतून हेरलं.

"तुम्हाला काय सांगायला सांगितलं होतं?"

"तेच सांगितलं."

"मग आवाज एवढा चांगला कशाला लावलात?"

पुढच्या दिवाळीला त्यांचाच निरोप आला. "यंदा भट्टी वाढवली आहे. गेल्या वर्षीसारखंच सांगा."

दुसरा प्रसंग वाघोलीचा. वऱ्हाडातून आलेलं एक तरुण जोडपं, साड्यांचं नवं दुकान. गणपती उठले आणि यांनी दुसऱ्या दिवसापासून साड्यांचा सेल लावला. म्हणजे ऐन पितृपंधरवड्यात. मी म्हटलं, "अहो भाऊ, या दिवसांत नवं कापड कोणी घरात आणत नाही."

तो म्हणाला, "काका, आता कोणी नाही पाळत. मोबाइलवर तर रोज विकतात."

"मोबाइलवर सासू नसते बाजूला."

ऐकेना. माल भरून बसला होता, घाई झाली होती. मी फिरलो. बायका गॅलरीत यायच्या, पूर्ण ऐकायच्या आणि आत जायच्या. दुकानात हे दोघं साड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसलेले. तिसऱ्या दिवशी त्याची बायको मला म्हणाली, "काका, रिक्षा बंद करा आता. बाजूवाले हसतात." ते मला फार लागलं. हसं त्यांचं होत होतं, पण आवाज माझा होता.

घरी येऊन शालनला सांगितलं. तिचं तांदूळ निवडणं चाललं होतं. म्हणाली, "नवं नेसायचं न्हाई ह्या दिसांत. बघायचं न्हाई असं कुठं हाय?"

झालं. दुसऱ्या दिवशी वाघोलीत मी म्हणत फिरलो, "साड्या आत्ता निवांत बघा. पसंत पडेल ती बाजूला ठेवा. घटस्थापनेला घेऊन जा." बायका आल्या. दुकानात गर्दी नाही, कोणी घाई करत नाही, म्हणून ढीगच्या ढीग उघडून बसल्या. एकमेकींच्या खांद्यावर पदर टाकून पाहिले. घटस्थापनेच्या सकाळी बाकीच्या दुकानांत रेटारेटी, आणि हे दोघं नुसती नावं पुकारून पिशव्या देतायत. ऐन सणात एक घडी मोडावी लागली नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक छोट्या दुकानदाराला सांगत आलो. सणात विकत बसू नका. विकायचं ते आधी विका, सणात फक्त हातात द्या. त्यांना वाटायचं हे माझं डोकं.

शालन जाऊन आता दुसरं वर्ष सरलं. तिच्या दुखण्याबद्दल इथं लिहीत नाही, ते तिचं होतं. ती गेल्यावर मी रिक्षावर ताडपत्री टाकली. चार जणांनी बोलावलं, गेलो नाही. आता दुकानदार मोबाइलमधून एक तयार आवाज आणतात, तोच आवाज क्लासची जाहिरात करतो आणि तोच मटणाची. दोन्हीकडे सारखाच आनंदी. चालतं त्यांचं. माझं म्हणाल तर मजकूर म्हणून दाखवायला मोरीपाशी उभा राहिलो असतो, पण कोणापुढं?

ती गेली त्या वर्षीच्या दिवाळीत घरात कढई चढली नाही. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात तळण करत नाहीत, फराळ बाहेरून येतो. मुलगा मांजरीला राहतो, त्यानं मोठा डबा आणून दिला. शेजाऱ्यांनी ताटं दिली. चकली चांगली होती, मी रोज खाल्ली. पण खाताना दवाखान्यात बसून खाल्ल्यासारखं वाटायचं. का ते तेव्हा उमगलं नाही.

ते उमगलं गेल्या दिवाळीला, सुवर्णाताईंच्या गाळ्यात.

सुवर्णाताई आमच्या धायरीतल्याच. घरच्या ओट्यावर फराळ करून विकायच्या. मग हिंमत करून शाळेशेजारी एक गाळा घेतला आणि चार बायका हाताशी घेतल्या. जागा गावातल्या एका म्हाताऱ्याची, त्याला सगळे आप्पा म्हणतात. आप्पांनी तोंडावर सांगितलं होतं, "दिवाळीपातूर बघतो. न्हाई चाललं तर एक मोबाइलवाला मागं लागलाय, त्याला देतो." गाळा गेला असता तर ताई परत ओट्यावर. आणि ओट्याशी दोनच बायका मावतात, चार नाही. म्हणजे बाकीच्यांनी घरी बसायचं.

त्या माझ्या दारात आल्या. "काका, रिक्षा काढा."

"माझा आवाज गेलाय."

"मग आत्ता बोलताय कशातून?"

गेलो. गाळ्यात बायकांचे हात चालू होते. सगळ्यात थोरल्या मालनबाई चकलीच्या भाजणीचं धान्य भाजत होत्या. ताई सांगायला लागल्या, "चकली, कडबोळी, शेव, तीन तऱ्हेचे लाडू, करंजी ओली, करंजी सुकी, शंकरपाळे गोड, शंकरपाळे खारे, अनारसे, चिरोटे," आणि थांबल्या.

"का थांबलात?"

"दम लागला."

"मग मलाही लागेल."

"सुनेनं मोबाइलवर सगळ्याचे फोटो टाकलेत. खूप जणांनी अंगठे दाखवले."

"अंगठे दाखवून पोट भरलं असेल त्यांचं. जास्त काय खपतं?"

"चकली."

"समोरचा हलवाई काय विकतो? कोपऱ्यावरचा? सोसायटीतल्या बायका?"

"चकलीच की."

पुढं मला सुचेना. शालन असती तर एक प्रश्न टाकून मोकळी झाली असती. मालनबाईंनी हरभऱ्याची डाळ कढईत टाकली आणि परतायला लागल्या. खमंग वास आला. आणि मला एकदम कळलं की त्या दिवाळीला माझ्या घरात काय नव्हतं. चकली होती. वास नव्हता.

"ताई," मी म्हटलं, "चकली विकू नका."

सगळ्यांचे हात थांबले. मालनबाई म्हणाल्या, "काका, उपाशी हाय काय तुमी? च्या टाकू?"

मी म्हटलं, "ऐका. इथल्या नव्या इमारतींत नवराबायको दोघं कामाला जातात. भाजायला, दळायला, मळायला त्यांना वेळ नाही. तळायला तासभर निघतो. विकतची चकली घरात आली तरी घराला दिवाळी लागत नाही. तळणाचा वास सुटला की लागते. तुम्ही मळलेलं पीठ विका. संध्याकाळी डब्यात घ्यायचं, घरी जाऊन पाडायचं आणि तळायचं."

ताई म्हणाल्या, "भाजणीची पाकिटं मिळतात की बाजारात."

"मिळतात. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी झालं की दात पडतो. नव्या मुलींना भीती त्याचीच. मळून द्या, म्हणजे भीती तुमच्याकडे राहिली. आणि तळणीत अडकलेले तुमचे हातही सुटतील."

मालनबाईंना पटलं नाही. "आपलं पीठ नि चकली दुसऱ्याची. नाव कुनाचं?"

"चांगली झाली तर तिचं. बिघडली तर तुमचं."

त्यावर त्या हसल्या. ताई मात्र हसल्या नाहीत. कढईकडे बघत म्हणाल्या, "काका, हे फसलं तर मला दुसरा सण नाही."

"माहीत आहे."

"काढा रिक्षा."

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी निघालो. "चकलीचं मळलेलं पीठ. संध्याकाळी डबा घेऊन या. घरी जाऊन तळा. शाळेशेजारचा गाळा." दम पुरला. आवाज पहिल्या गल्लीत कापरा होता, दुसरीपासून लागला.

संध्याकाळी मोजकीच माणसं आली. पिठाचा डोंगर तसाच. ते पीठ उद्यापर्यंत टिकणार नव्हतं, म्हणून बायकांनी त्याच्याच चकल्या पाडायला घेतल्या. मालनबाई नुसत्या माझ्याकडे बघून सोऱ्या दाबत होत्या, जणू आत मीच आहे.

तेवढ्यात दोन विद्यार्थी आले, नागपूरकडचे, चौघं मिळून खोली घेऊन राहणारे. एकानं विचारलं, "काका, पीठ तर नेऊ, पण चकली पाडायची कशानं?"

मी मालनबाईंच्या हाताकडे बघितलं. ताईंनीही बघितलं. या नव्या घरांत मिक्सर आहे, ओव्हन आहे, सोऱ्या नाही! सोऱ्या सासूकडे, सासू गावाला. आम्ही इतके शहाणे, की आमच्यातल्या एकालाही हे आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारही बायकांनी आपापला घरचा सोऱ्या आणला, शेजारणींचेही मागून आणले. मी माळ्यावरून शालनचा काढला. पितळी, जड, दांड्याला तिनं चिंधी गुंडाळलेली. ताईंनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, "काका, हा नको. हरवला तर?"

"माळ्यावर ठेवून कोणती चकली पडणार आहे?" मी म्हटलं. जरा तोडूनच म्हटलं.

आता जाहिरातीत एक तुकडा वाढला. "सोऱ्या नसेल तर तोही न्या, सकाळी परत आणा." मालनबाईंनी कढईवरूनच ऐकलं आणि म्हणाल्या, "आता बरं हाय. डबा न्यायचा नि सोऱ्या मागायचा." मोरीपाशी उभा असल्यासारखी मी मान वळवली. आवाज मालनबाईंचाच होता.

त्या संध्याकाळपासून माणसं डबे घेऊन यायला लागली. नवरेच जास्त. ऑफिसची पाटी गळ्यात तशीच, हातात स्टीलचा डबा. सकाळी सोऱ्या परत करायला यायचे तेव्हा आपली चकली दाखवायला आणायचे. एकाची चकली म्हणजे नुसता जिलबीचा अपघात होता, पण त्याचा चेहरा बघत राहावा इतका खूश. मालनबाईंनी ती चाखली आणि म्हणाल्या, "चव चांगली हाय. पीठ आमचं हाय ना."

पहिल्या आंघोळीच्या आदल्या संध्याकाळी रांग शाळेच्या फाटकापर्यंत गेली. त्या रांगेला वळसा घालून आप्पा थेट पुढं आले. त्यांच्याही हातात डबा.

मालनबाई म्हणाल्या, "आप्पा, रांग तिकडं हाय."

"अगं, गाळा माझा हाय."

"गाळा तुमचा, पीठ आमचं. मागं ऱ्हावा."

"सुनेनं पाठवलंय. तेल तापत ठेवलंय तिनं."

"मग ग्यास बारीक कर म्हनावं."

रांगेतली माणसं हसली. आप्पा गेले मागं. धायरीत निम्म्या जमिनी ज्यांच्या होत्या ते आप्पा, एका विद्यार्थ्याच्या मागं डबा धरून उभे. त्यांचा नंबर आला तेव्हा ताई कोपरापर्यंत पिठात होत्या. डोकं वर न करता म्हणाल्या, "आप्पा, त्या मोबाइलवाल्याला दुसरा गाळा बघायला सांगा."

आप्पांनी गाळ्यात एक नजर फिरवली, मग रांगेवर फिरवली. म्हणाले, "सांगतो. तुमी आदी डबा भरा. तेल जळतंय तिकडं."

चारही बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि पुन्हा मळायला लागल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात रिकामे नव्हते.

थोड्या वेळानं ताई बाहेर आल्या. "काका, आता फिरू नका. पीठ संपत आलंय, हातही संपलेत. घरी जा तुम्ही."

मी भोंगा बंद केला आणि निघालो. इतकी वर्षं त्या गल्ल्यांतून गेलो, पण गप्प कधी गेलो नव्हतो. आपल्याच आवाजात बाकी काही कळत नाही. आता ऐकू येत होतं. खिडक्यांतून तेलाचा चुरचुर आवाज, आतून कोणीतरी ओरडतंय, "अगं तुटतेय, तुटतेय!" कोणीतरी हसतंय. आणि वास. प्रत्येक इमारतीतून येत होता. शालनचा सोऱ्या त्यांतल्या कुठल्या घरात होता मला माहीत नव्हतं.

एका गॅलरीत एक तरुण बाई हातात झारा घेऊन आली. रिक्षा ओळखून वरून म्हणाली, "काका, आज भोंगा बंद? काहीच नाही का सांगायचं?"

मी म्हटलं, "आहे. आत जा, करपतंय तुमचं."

ती "अगंबाई" म्हणून आत पळाली. मी रिक्षा तिथंच बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि तळणाचा वास घेत बसलो.